घरी विमान बांधताना नळ्यांचं गॅस वेल्डिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत गॅरेजमध्ये विमान बांधायला घेतलेली मराठी मंडळी आणि पुण्या-नाशिकची इंजिनिअरिंगची मुलं मला वेल्डिंगबद्दल साधारण सारखेच प्रश्न विचारतात. ते इथे एकत्र केले आहेत. गॅस वेल्डिंग म्हणजे असिटिलीन आणि ऑक्सिजनच्या ज्योतीनं धातू वितळवून जोडणं. उत्तरं ४१३० नावाच्या पोलादाच्या पातळ नळ्यांपुरतीच आहेत, ॲल्युमिनियमचं काम पूर्ण वेगळं. माझं म्हणणं आधीच सांगतो: जोड टॉर्च (ही ज्योत देणारं हातातलं हत्यार) पेटवण्याआधी, कानशीनं घडतो, आणि तो जमला की नाही हे हॅक्सॉनं उभा चिरून बघितल्याशिवाय कळत नाही. मधलं वेल्डिंग सरावानं येतं.

विमानं रिव्हेटनं जोडतात ना? त्यात वेल्डिंग कुठून आलं?

प्रवासी विमानं रिव्हेटचीच. पण कापडानं मढवलेल्या छोट्या विमानाचं कापड काढलंत तर आत पोलादी नळ्यांचा सांगाडा दिसतो, आणि तो शंभरहून जास्त वर्षं वेल्ड होत आला आहे. जर्मनीत अँथनी फोकरच्या कारखान्यात राइनहोल्ड प्लाट्झ हा माणूस वेल्डर म्हणून लागला आणि पुढे तिथल्या विमानांच्या रचनेतच त्याचा हात आला. पहिल्या महायुद्धात १९१८ मध्ये आघाडीवर आलेलं फोकर डी ७ हे लढाऊ विमान याच पद्धतीचं होतं, आणि तेव्हा नळ्या साध्या पोलादाच्या होत्या. पुढे अमेरिकेत पायपर कब, पिट्स स्पेशल वगैरे छोटी विमानं त्याच वाटेनं गेली.

घरी विमान बांधण्याची चळवळ उभी राहिली तीही नळ्यांवरच. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात ईएए (एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन) ही संघटना सुरू केली. १९५५ मध्ये त्यांनी एका लोकप्रिय मासिकात बेबी एस हे नळ्यांचं छोटं विमान कसं बांधायचं ते सांगितलं आणि संघटनेचे सभासद भराभर वाढले. आज विस्कॉन्सिनमधल्याच ऑशकॉशला जुलैअखेर त्यांचा मेळा भरतो. तिथल्या वर्कशॉपमध्ये टॉर्च हातात घेऊन बघता येते. जवळपास राहत असाल तर एकदा जाऊन याच.

टिग मशीन असताना गॅस कशाला?

टिग, म्हणजे आर्गॉन वायूच्या आवरणात विजेच्या ठिणगीनं केलेलं वेल्डिंग, उत्तम आहे, त्यात वाद नाही. उष्णता छोट्या जागेत राहते, नळी कमी वाकते, वेल्ड देखणा येतो. पण मशीन, आर्गॉन, वीज आणि पायाचं पेडल यांचा खर्च मोठा, आणि सफाईच्या बाबतीत टिग गॅसपेक्षाही चिकित्सक. शिवाय तीन-चार नळ्या एका बिंदूला येतात तिथल्या अरुंद कोपऱ्यात टिगचा चिनी मातीचा कप शिरत नाही.

गॅसमध्ये जोडाभोवतीचा मोठा भाग तापतो आणि सावकाश निवतो. ४१३० ला हे मानवतं, कारण झटकन गार झालं की ते कडक आणि ठिसूळ होतं. शिवाय याच टॉर्चनं पट्टी वाकवता येते, वाकडी झालेली नळी सरळ करता येते, जाम झालेला बोल्ट सोडवता येतो. आणि गॅसवर शिकलेल्या माणसाला पुढे टिग लवकर जमतं. वितळलेल्या धातूकडे बघायची सवय लागलेली असते आणि दोन्ही हात वेगवेगळं काम करायला शिकलेले असतात.

आणि मिग?

मिगमध्ये वितळायची तार मशीनमधून आपोआप पुढे येत राहते. काही कारखाने ते वापरतात. शिकाऊ माणसानं पातळ नळीवर वापरू नये. मिगची सुरुवात थंड असते: वरून मणी (वेल्डचा उंचवटा) छान दिसतो आणि खाली धातू एकजीव झालेलाच नसतो. असा जोड नुसत्या डोळ्यांना ओळखू येत नाही.

४१३० मध्ये असं काय आहे? बाजारातली सीमलेस नळी चालणार नाही का?

४१३० म्हणजे क्रोम-मॉली पोलाद: सुमारे ०.३ टक्के कार्बन, एक टक्क्याच्या आसपास क्रोमियम आणि ०.२ टक्क्यांच्या आसपास मॉलिब्डेनम. नॉर्मलाइज्ड (तापवून हवेत निवू दिलेल्या) अवस्थेतल्या पातळ नळीची ताणशक्ती ९०,००० पीएसआयच्या (चौरस इंचाला पौंड), म्हणजे ६२० मेगापास्कलच्या घरात असते. साधं माइल्ड स्टील यापेक्षा बरंच मागे राहतं.

इथे एक गैरसमज दूर करतो. ४१३० वजनानं हलकं नाही आणि माइल्ड स्टीलपेक्षा ताठही नाही, दोन्हींचा ताठपणा जवळपास सारखाच. लांब, बारीक नळी दाबाखाली लचकते तेव्हा तिचं पोलाद किती ताकदीचं आहे यानं फारसा फरक पडत नाही. व्यास आणि लांबी यांवरच ते ठरतं. म्हणूनच जुन्या कबमध्ये बऱ्याच नळ्या साध्या १०२५ पोलादाच्या होत्या आणि ४१३० मोक्याच्या जागीच वापरलेलं होतं. 'माल जास्त ताकदीचा आहे, मग भिंत पातळ घेऊ' असं मनानं ठरवू नका. नकाशात जे लिहिलंय तेच घ्या.

बाहा एसएईइंडिया या कॉलेजांच्या स्पर्धेतल्या गाडीचा रोल केज (चालकाभोवतीचा नळ्यांचा पिंजरा) बांधलेल्या मुलांना ४१३० हे नाव माहीत असतं. पण तिथली नळी जाड. विमानात ०.०३५ इंच, म्हणजे जेमतेम ०.९ मिमी भिंतीची नळी सर्रास असते, आणि तिच्यावर टॉर्च अंमळ रेंगाळली की भोक पडतं. माल घेताना एएमएस ६३६० किंवा जुन्या मिल-टी-६७३६ या मानकाचा आणि प्रमाणपत्रासह घ्या. भंगारातली 'अगदी तीच' नळी सरावाला घ्यावी, विमानाला नाही.

सामान काय काय लागेल?

लहान, हलकी टॉर्च. जहाजाचे पत्रे जोडणारी जड टॉर्च धरलीत तर मनगट भरून येतं आणि मग हात थरथरतो. अमेरिकेत स्मिथची एडब्ल्यू१ए, व्हिक्टरची जे-२८, जुनी मेको मिजेट ही नावं ऐकू येतील. टिपचे, म्हणजे टॉर्चच्या टोकाच्या तोटीचे, नंबर प्रत्येक कंपनीचे वेगळे, म्हणून नंबर विचारू नका, भोकाचा व्यास विचारा. ०.९ मिमी भिंतीला सुमारे ०.७ ते ०.९ मिमी भोकाची टिप पुरते. चार नळ्यांच्या गाठीला एक नंबर मोठी लागते.

दोन रेग्युलेटर, हलके होज, दोन्ही बाजूंना फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्योत उलटी आत शिरू न देणारी झडप), ठिणगीचा लायटर, टिप साफ करायच्या तारा, ५ नंबर शेडचा चष्मा, कातडी हातमोजे, सुती कपडे. नायलॉनचा टी-शर्ट घालून उभे राहू नका. कापायला-घासायला हॅक्सॉ, अर्धगोल आणि गोल कानशी, एमरी कापड. बेंच ग्राइंडर असेल तर बरं, नसलं तरी अडत नाही.

रॉड कोणता?

१.६ मिमीचा लो-कार्बन रॉड, म्हणजे जोडात वितळवून घालायची तार. अमेरिकन वर्गवारीत आरजी ४५ किंवा आरजी ६०. 'नळी ४१३० ची, मग रॉडही ४१३० चाच हवा' असं पुष्कळांना वाटतं. गरज नाही. मऊ रॉड वितळताना नळीतली थोडी मिश्रधातू उचलतो, पुरेसा ताकदवान होतो आणि लवचीकही राहतो. निवताना तडकायची भीती त्यानं कमी होते. तांब्याचा मुलामा दिलेले रॉड आपल्याकडे सर्रास मिळतात. ते चालतात, पण मला बिनमुलाम्याचा रॉड आवडतो, पडल (वितळलेल्या धातूचं डबकं) स्वच्छ दिसतं. रॉडवर तेल-गंज असेल तर एमरीनं पुसून घ्या.

गॅसच्या बाटल्यांची (सिलिंडरची) भीती वाटते. कशाला घाबरायचं आणि कशाला नाही?

थोडी भीती असू द्या. असिटिलीन १५ पीएसआयच्या वर वापरायचा नाही. त्यापुढे तो हवेशिवायही आपोआप फुटू शकतो. बाटल्यात तो असिटोनमध्ये विरघळवून, सच्छिद्र भरावात मुरवलेला असतो म्हणूनच तिथे सुरक्षित राहतो. त्यामुळे बाटला उभाच ठेवायचा. गाडीत आडवा आणला असेल तर वापरण्याआधी बराच वेळ उभा ठेवा, नाहीतर असिटोन रेग्युलेटरमध्ये येतं. लहान बाटल्यावर मोठी टिप लावू नका. तासाला बाटल्याच्या सातव्या हिश्शापेक्षा जास्त गॅस ओढू नये, आणि अनेक जण हल्ली दहावा हिस्साच धरतात. तांब्याची नळी जोडायची नाही, असिटिलीनशी संयोग होऊन स्फोटक क्षार बनतो.

ऑक्सिजनच्या बाटल्याला तेल-ग्रीसचा हात लावायचा नाही, आटा कितीही घट्ट असला तरी. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की ठिणगीचीही गरज पडत नाही. भारतात ऑक्सिजनचा बाटला काळा, असिटिलीनचा मरून, आणि असिटिलीनचे आटे उलटे असतात. अमेरिकेत बाटल्याच्या रंगावर विसंबू नका, लेबल वाचा. दोन्ही बाटले साखळीनं बांधलेले हवेत.

नळी साफ करायला क्लोरिनवाला ब्रेक क्लीनर कधीही वापरू नका, तापल्यावर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. असिटोन वापरा आणि ते पूर्ण उडून जाऊ द्या. कॅडमियमचा मुलामा दिलेला बोल्ट किंवा जस्त लावलेला तुकडा ज्योतीजवळ नको. कॅडमियमचा धूर जीव घेऊ शकतो.

टॉर्च बंद करताना आधी कोणता व्हॉल्व्ह, यावर आयटीआयचे शिक्षक आणि अमेरिकन म्हातारे तास न् तास भांडतात. तुमच्या टॉर्चच्या कंपनीच्या पुस्तिकेत जे लिहिलंय ते करा.

ज्योत बरोबर आहे हे कसं ओळखायचं?

आधी नुसता असिटिलीन पेटवा, काजळी थांबेपर्यंत वाढवा, मग ऑक्सिजन सोडत जा. आतला पांढरा सुळका आणि त्याच्याभोवती फिकट पिसासारखा दुसरा सुळका दिसेल. पीस आखडत जाऊन आतल्या सुळक्यात विरलं की ज्योत न्यूट्रल. तिथेच थांबा. पिसाचा पुसटसा अंश राहिला तरी चालतं. उलट बाजूला गेलात, म्हणजे सुळका आखूड, टोकदार झाला आणि फुसफुस वाढली, तर ज्योतीत ऑक्सिजन जास्त झालाय. तिच्याखाली पोलाद फेसाळतं, ठिणग्या उडतात, जोड ठिसूळ होतो. दाब दोन्हीकडे सारखा, ३ ते ५ पीएसआय, एवढ्यावर सुरुवात करा.

काम करता करता ज्योत सरकते. दर थोड्या वेळानं टॉर्च बाजूला घेऊन सुळका बघा.

सराव कशावर आणि कसा करायचा?

सरळ नळीवर उडी मारू नका. ०.९ मिमी जाडीच्या पत्र्याच्या पट्ट्या घ्या. पहिल्या दिवशी रॉडला हात लावायचा नाही. नुसती ज्योत, आणि पत्र्यावर वितळलेल्या धातूचं डबकं, म्हणजे पडल, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालवत न्यायचं. सुळक्याचं टोक पत्र्यापासून दोन-तीन मिमी वर, टॉर्च तिरकी. पत्रा लाल होतो, मग नारिंगी, मग पिवळट, आणि मग पृष्ठभाग एकदम ओला होतो, तापलेल्या तव्यावर तूप पसरावं तसा. तो क्षण ओळखता आला की अर्धं वेल्डिंग आलं. पडल रुंद व्हायला लागलं की टॉर्च किंचित वर उचला, आखडायला लागलं की खाली आणा. पुढे सरकायचा वेग पडल ठरवतं, तुम्ही नाही.

मग रॉड. सगळे नवखे रॉड ज्योतीत धरून वितळवतात आणि थेंब खाली पाडतात. तो थेंब पत्र्याला नुसता चिकटतो, एकजीव होत नाही. आधी पडल करायचं, रॉडचं टोक ज्योतीच्या बाहेरच्या आवरणात तापत ठेवायचं, आणि पडलात बुडवून काढायचं. बुडवा, काढा, सरका. रॉड चिकटला तर ओढू नका, ज्योत त्यावर आणा, सुटतो.

पट्ट्या जमल्या की नळीवर नळी काटकोनात, मग ४५ अंशांत, मग तीन नळ्यांची गाठ. काटकोनी जोडात आडवी नळी जोडाच्या दोन्ही बाजूंना उष्णता वाहून नेते आणि उभ्या नळीचं कापलेलं तोंड मात्र चटकन वितळतं. म्हणून ज्योतीचा दोन-तृतीयांश रोख आडव्या नळीवर ठेवा आणि आडवीवर पडल झालं की ते उभीच्या कडेला भिडू द्या. उभी नळी आधी वितळायला लागली तर तिची कड मागे पळते, भोक पडतं, आणि मग रॉड ओतून ते बुजवायचा मोह होतो.

मध्येच फट्ट असा आवाज होतो आणि वितळलेला धातू उडतो. का?

ज्योत टिपमध्ये आत घुसते. टिप कामाच्या फार जवळ नेली, गॅस फार कमी ठेवला, टिप तापली किंवा तोंडाशी कचरा बसला, यांपैकी काहीतरी असतं. बहुतेक वेळा माणूस भोक पडेल या भीतीनं ज्योत बारीक करत नेतो आणि त्या टिपला लागतो त्याहून गॅस कमी होतो. बारीक ज्योत हवी असेल तर बारीक टिप लावा. फट्ट ऐवजी शिट्टीसारखा आवाज येऊन ज्योत आत दिसेनाशी झाली, तर दोन्ही व्हॉल्व्ह तडक बंद करा आणि टॉर्च थंड झाल्यावर कारण शोधा.

नळीचं तोंड कापायचं कसं? मशीन लागतं का?

मशीन असेल तर झकास, नाहीतर कानस. दुसऱ्या नळीच्या गोलाव्यावर बसेल असं माशाच्या उघड्या तोंडासारखं काप द्यायचं. कागदावर आकार काढून नळीला गुंडाळून खूण करता येते. संगणकावर असे नमुने छापून देणारी साधनंही आहेत. हॅक्सॉनं दोन तिरके काप मारा, बाकी अर्धगोल कानस.

इथे मात्र घाई नको. नळी जागेवर धरून मागे दिवा ठेवा. फटीतून उजेड दिसतो तिथे अजून काम आहे. एक मिमीच्या खाली फट चालवून घेता येते. त्याहून मोठी असेल तर ती नळी आखूड जोडासाठी बाजूला ठेवा आणि नवी कापा. मोठी फट रॉडनं भरलेला जोड निवताना जास्त आकसतो, सांगाडा ओढतो आणि तडकण्याची शक्यता वाढते. शिवाय फटीच्या दोन कडा वितळवायला जी जास्तीची उष्णता द्यावी लागते तिनंच भोकं पडतात. नवख्यांना जे 'मला वेल्डिंग जमत नाही' असं वाटतं, त्यातलं निम्मं कानशीचं अपयश असतं.

कापल्यावर आतली-बाहेरची बर (कडेला उरलेली धारदार कुसं) काढा, जोडाच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन सेंटिमीटर एमरीनं चकचकीत करा. मग असिटोन.

चार नळ्या एका जागी येतात तिथे काय करायचं?

सगळ्यात आधी सगळ्या टॅक करा, म्हणजे प्रत्येक नळीला वेल्डचे तीन-चार छोटे टाके घाला. मग सुरुवात सगळ्यात अवघड जागेपासून, म्हणजे दोन नळ्यांमधल्या लघुकोनाच्या आतल्या कोपऱ्यापासून.

त्या कोपऱ्यात काय होतं ते समजून घ्या. तिन्ही बाजूंनी भिंती, त्यामुळे उष्णता परत टिपवर फेकली जाते आणि टिप फट्टफट्ट करायला लागते. त्याच वेळी कोपऱ्याच्या तळाशी धातू जास्त असल्यानं तिथेच पडल उशिरा होतं. बाजूच्या पातळ भिंती लालभडक झालेल्या असतात आणि तळ अजून कोरडाच. अशा वेळी माणूस वैतागून रॉड ढकलतो आणि कोपऱ्यावर पूल बांधतो. वरून सगळं भरलेलं, आत पोकळ. उपाय असा: ज्योत किंचित मोठी, सुळका तळाकडे रोखलेला, आणि तळ ओला होईपर्यंत रॉड लांबच. तळ ओला झाला की पटकन एक बुडी, आणि पडल कोपऱ्यातून बाहेर, मोकळ्या बाजूकडे चालवत न्या. टाक्यापाशी पोचलात की टाका पूर्ण वितळवून पुढे जा, त्यावरून नुसते चढून जाऊ नका.

शक्य असेल तर मध्ये थांबू नका. थांबावंच लागलं तर टॉर्च झटकन उचलू नका, सावकाश मागे घ्या, नाहीतर टोकाला खळगा पडून तिथून तडा जातो. पुन्हा सुरू करताना आधीचा सेंटिमीटरभर वेल्ड वितळवून घ्या.

एक बारीक गोष्ट: दोन्ही टोकं बंद होणाऱ्या नळीत शेवटचा सेंटिमीटर वेल्ड करताना आतली तापलेली हवा पडल फोडून बाहेर येते. म्हणून जोडणीआधी, गाठीच्या आत झाकलं जाईल अशा जागी, नळीच्या भिंतीला बारीक भोक पाडून ठेवतात.

सांगाडा वाकतो. कसा थांबवू?

थांबत नाही, आटोक्यात ठेवता येतं. वेल्ड निवताना आकसतो आणि नळीला आधी वेल्ड केलेल्या बाजूकडे ओढतो. सांगाड्याच्या दोन्ही बाजू टेबलावर सपाट जिगमध्ये (नळ्या जागेवर धरून ठेवणाऱ्या साच्यात) टॅक करा, मग त्या उभ्या करून आडव्या नळ्या टॅक करा. पूर्ण सांगाडा टाक्यांवर उभा राहिला, मापं जुळली, तिरके कर्ण मोजून झाले, की मगच पूर्ण वेल्डिंग. एका गाठीवर एक बाजू, मग समोरची बाजू, मग लांबची दुसरी गाठ. एकाच कोपऱ्यात बसून सगळं संपवलंत तर शेपटी केळ्यासारखी वळलेली मिळेल.

उलट टोकाची चूक म्हणजे सगळं क्लॅम्पनं आवळून टाकणं. लालभडक पोलादात ताकद नसते. निवताना त्याला आकसायला जागाच दिली नाहीत तर ते तडकतं. बोल्टची भोकं असलेली फिटिंग थोडी कमी मापाची ठेवा आणि वेल्डिंगनंतर रीमरनं (भोक मापात मोठं करायच्या हत्यारानं) मापात आणा.

वेल्ड चांगला आहे हे कसं कळणार?

सरावाचा जोड हॅक्सॉनं उभा चिरा. आतून बघा. नळीच्या तोंडाची मूळ कड अजून रेघेसारखी दिसत असेल तर तो जोड नुसता चिकटलेला आहे. कड नाहीशी झालेली, आत किंचित घाम फुटल्यासारखा उंचवटा, पण लोंबकळणारे थेंब नाहीत, असं हवं. अमेरिकन विमान वाहतूक प्रशासनाच्या पुस्तिकेनुसार अशा कोनी वेल्डमध्ये नळीच्या जाडीच्या २५ ते ५० टक्के खोल धातू एकजीव व्हायला हवा, सरळ टोकाला टोक जोडलं असेल तर पूर्ण १०० टक्के.

दुसरा जोड व्हाइसमध्ये धरा, उभ्या नळीवर लांब पाइप चढवा आणि वाकवा. नळी वेल्डच्या शेजारी दुमडली तर उत्तम. वेल्ड कडेनं सोलून निघाला तर पुन्हा पट्ट्यांवर जा. नीट वाकलेल्या तुकड्यांवर तारीख घालून भिंतीला टांगून ठेवा. तपासायला येणाऱ्याला ते दाखवायला बरे पडतात.

एकसारख्या लहरींच्या वेल्डचे फोटो बघून न्यूनगंड घेऊ नका. लहरी हाताचा ताल दाखवतात, आत किती शिरलं ते नाही. मात्र कडेला नळी खाल्ली गेलेली खाच, भोकाळलेला मणी किंवा पापुद्रे दिसले तर तिथे शंका घ्यायचीच.

वेल्ड खडबडीत आलाय. घासून गुळगुळीत करू का?

नाही. मणी घासला की जाडी जाते, आणि घासताना शेजारची ०.९ मिमीची भिंतही जाते. दोषावर वरून दुसरा थर चढवणंही चुकीचं. दोष असलेला भाग काढून टाकून मगच पुन्हा वेल्ड करायचं. एकाच जागी तीन-तीनदा तापवलेल्या नळीपेक्षा नवी नळी कापणं स्वस्त पडतं.

सायकलची फ्रेम पितळेनं ब्रेझ करतात. इथे का नको?

सायकलच्या फ्रेमला चालतं, तिथे नळ्या बाहीत बसवलेल्या असतात. विमानाच्या मुख्य सांगाड्यात ब्रेझिंग नको, कारण तापलेल्या आणि ताणाखालच्या पोलादाच्या कणांमध्ये वितळलेलं पितळ शिरून तडे पाडू शकतं. एकदा ब्रेझ केलेल्या जागी नंतर वेल्डिंगही करता येत नाही.

वेल्डिंगनंतर पुन्हा तापवून ताण काढावा लागतो का?

गॅसच्या जोडाला सहसा नाही, शेवटी ज्योत हळूहळू लांब नेत जोड निवू दिला की झालं. पंखा बंद, दार बंद, पाणी तर नाहीच. विस्कॉन्सिनच्या जानेवारीत गोठलेल्या गॅरेजमध्ये काम करू नका, नळीच इतकी गार असते की जोड झटक्यात निवतो.

मी आयटीआयचा वेल्डर आहे, गॅरेजमध्ये सायलेन्सर जोडतो. मला हे लगेच येईल का?

हाताला लवकर येईल. गॅसवर पत्रा जोडणाऱ्या माणसाला पडल ओळखायला शिकवावं लागत नाही. विसरायचं मात्र बरंच आहे. फट दिसली की रॉडनं भरायची सवय गॅरेजमध्ये पोट भरते, इथे ती सोडावी लागेल. गंजावर, रंगावर वेल्ड करणं बंद. आणि गळती थांबली म्हणजे जोड झाला, हा सायलेन्सरचा नियम इथे लागू नाही.

वेल्डरचं प्रमाणपत्र लागतं का? भारतात असं विमान बांधता येईल का?

अमेरिकेत हौशी बांधणीसाठी वेल्डिंगचं प्रमाणपत्र मागत नाहीत. अट अशी की विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी बांधणाऱ्यांनी, शिकण्यासाठी किंवा आवड म्हणून केलेलं असावं. उडण्याआधी तपासणी होते. पण तपासनीस येईपर्यंत थांबू नका. ईएएचे स्वयंसेवक तांत्रिक सल्लागार कापड चढवण्याआधी घरी येऊन सांगाडा बघून जातात. बोलवा, आणि त्यांनी बोट ठेवलं तिथे वाद घालू नका.

भारतात वाट डीजीसीए या नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकामधून जाते आणि ती लांब आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं. त्याची नोंदणी २०१७ मध्ये झाली आणि उड्डाण चाचणीची परवानगी २०१९ मध्ये मिळाली, त्याआधीची वर्षं वेगळीच. म्हणून भारतातल्या मुलांना मी सांगतो की जोड शिका, सांगाड्याचा एखादा भाग बांधा, कागदपत्रांचा विचार सुरुवातीलाच करा.

नळी आतून गंजणार नाही का?

पूर्ण बंद नळीत हवा-पाणी जात नाही, त्यामुळे गंज फारसा वाढत नाही. तरी जुनी आणि अजून चालणारी रीत म्हणजे जवसाचं तेल. छोट्या भोकातून गरम तेल आत सोडायचं, सांगाडा सगळ्या बाजूंना फिरवायचा, उरलेलं गाळून घ्यायचं आणि भोक बुजवायचं. तेल सगळं वेल्डिंग संपल्यावरच घाला, नंतर त्या नळीला ज्योत लावलीत तर आतला धूर पडल फोडून बाहेर येईल. आणि जवसाच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात. पाण्याच्या बादलीत टाका किंवा बाहेर पसरून वाळवा.

रंग लगेच मारू?

आधी सगळे जोड उजेडात, भिंगाखाली तपासून घ्या, रंगाखाली तडा लपतो. मग बारीक वाळूनं, कमी दाबावर सँडब्लास्ट. पातळ भिंतीवर एकाच जागी नोझल रोखून धरू नका. ब्लास्ट केलेलं उघडं पोलाद दमट हवेत रात्रीतून गंज धरतं, म्हणून त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. साधा प्रायमर नको, कापड चिकटवायच्या द्रावणात तो विरघळून निघतो.